दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णाची तपासणी : प्रस्तावना

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना म्हणजे दीर्घकालीन वेदना. ठेच लागली, हात भाजला, हाड मोडले की होणारी तात्कालिक वेदना शरीराला सावध करते, दुखावलेला भाग जपायला लावते आणि जखम भरली की ओसरते. दीर्घकालीन वेदनेत हा क्रम मोडतो. हाड सांधते, टाके सुकतात, नागिणीचे फोड खपली धरून पडून जातात, तरी दुखणे मागे उरते. काही जणांत सुरुवातीलाही ठळक अशी इजा सापडत नाही. अशा वेळी वेदना ही दुसऱ्या आजाराची खूण न राहता स्वतःच व्याधी बनते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने ही गोष्ट मान्य केली. मे 2019 मध्ये मंजूर झालेल्या आणि जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या या वर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेची पद्धतशीर मांडणी आहे. एका बाजूला प्राथमिक वेदना आहे, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही आजाराने जिचा नीट उलगडा होत नाही अशी. दुसऱ्या बाजूला सहा प्रकारच्या दुय्यम वेदना आहेत : कर्करोगाशी निगडित, शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा अपघातानंतरच्या, मज्जातंतूजन्य, डोके व चेहऱ्याच्या, छाती-पोटातील अवयवांच्या आणि स्नायू, सांधे व हाडांच्या.

या व्याधीचा पसारा मोठा आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, पंधरा युरोपीय देश आणि इस्रायलमधील पाहणीत 19 टक्के प्रौढांना मध्यम ते तीव्र दीर्घकालीन वेदना असल्याचे आढळले. माणसाला अपंगत्वासह जगायला लावणाऱ्या कारणांत कंबरदुखी 1990 पासून जगभर पहिल्या क्रमांकावर राहिली आहे. भारतात यात आणखी काही कारणांची भर पडते : मधुमेहाने होणारा मज्जातंतूंचा ऱ्हास, मणक्याचा क्षय, कुष्ठरोगातील नसांची सूज, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने धरून राहणारे सांधे, आणि ओझी वाहण्यात, वाकून लावणी-खुरपणी करण्यात गेलेले आयुष्य.

रक्तदाब मोजता येतो, साखर मोजता येते. वेदना मोजणारे यंत्र मात्र नाही. रक्ताच्या कोणत्याही चाचणीत किंवा कोणत्याही छायाचित्रात ती दिसत नाही. तिचा मुख्य पुरावा म्हणजे रुग्णाचे सांगणे. त्यामुळे रुग्णालयात दोन चुका वारंवार घडतात. पहिली, तपासण्यांत काही सापडले नाही म्हणून ‘तुम्हाला काही झालेले नाही, मनातून काढून टाका’ असे सांगून रुग्णाला परत पाठवणे. दुसरी, काहीतरी सापडेलच या आशेने एकामागून एक स्कॅन, इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया करत राहणे. एका चुकीत रुग्णावर अविश्वास आहे, दुसरीत विचार न करता धावाधाव आहे. चांगली तपासणी या दोन्ही टाळते. रुग्णाच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवणे आणि त्याच्या दुखण्याची कसून छाननी करणे यांत विरोध नाही. विश्वास नसेल तर रुग्ण मोकळेपणाने सांगत नाही आणि छाननी अपुरी राहते. छाननी नसेल तर विश्वास कोरडा दिलासा ठरतो.

हा दृष्टिकोन घडायला काही दशके लागली. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना पाहिले की गुंतागुंतीचे दुखणे एकट्या तज्ज्ञाच्या आवाक्यात येत नाही. अनेक शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून रुग्ण पाहावा ही कल्पना त्यांनी मांडली आणि वॉशिंग्टन विद्यापीठात ती राबवली. 1953 साली त्यांचा वेदनाव्यवस्थापनावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. इजेच्या जागेहून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा जात नाही; मज्जारज्जूतच तो वाढवला किंवा दाबला जातो, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यावर परिणाम करतात, असे या सिद्धांताचे सार आहे. भीती, लक्ष, थकवा, पूर्वीचा अनुभव यांनी वेदना कमी-जास्त का होते याला त्यामुळे शारीरिक आधार मिळाला. 1973 मध्ये बोनिकांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटना उभी राहिली. 1977 मध्ये जॉर्ज एंगेल यांनी आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी पाहण्याचा आग्रह धरला. भारतात वेदना अभ्यासाची राष्ट्रीय संघटना 1984 मध्ये स्थापन झाली.

आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची 1979 मधील व्याख्या 2020 मध्ये सुधारली. तिच्यानुसार वेदना हा इंद्रियांचा आणि भावनांचा मिळून येणारा अप्रिय अनुभव आहे. तो ऊतींच्या प्रत्यक्ष किंवा संभाव्य हानीशी निगडित असतो, किंवा तशा अनुभवासारखा असतो. व्याख्येला जोडलेल्या टिपांत तपासणाऱ्याच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. आपल्याला वेदना होते हे माणसाचे सांगणे आदराने स्वीकारावे, ही पहिली. बोलता न येणाऱ्यालाही वेदना होत असू शकते, ही दुसरी.

यंत्रणेच्या दृष्टीने वेदनेचे तीन प्रकार मानतात. झिजलेला गुडघा किंवा सुजलेला सांधा दुखतो ती ऊतींच्या इजेची वेदना. मधुमेह, नागीण, दबलेली नस, पक्षाघात यांत संवेदना वाहणारी यंत्रणाच बिघडते आणि मज्जातंतूजन्य वेदना होते. तिसऱ्या प्रकाराला 2017 मध्ये ‘नोसिप्लास्टिक’ हे नाव मिळाले. यात वेदनेचा उलगडा होईल इतकी ऊती किंवा नसा यांची हानी दिसत नाही, पण वेदनेवर प्रक्रिया करणारी यंत्रणा अतिसंवेदनशील झालेली असते. फायब्रोमायल्जिया हे त्याचे परिचित उदाहरण. एकाच रुग्णात दोन-तीन प्रकार मिसळलेले असू शकतात. तपासणीत हे ओळखणे महत्त्वाचे, कारण औषधांची निवड त्यावर ठरते. सुजेवर चालणाऱ्या गोळ्या मज्जातंतूजन्य वेदनेत फारशा उपयोगी पडत नाहीत. तेथे ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे लागतात.

पेन क्लिनिकमध्ये येणारा रुग्ण सहसा बरेच दवाखाने फिरून आलेला असतो. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात जुने केसपेपर, एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म, अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे. ही पिशवी टेबलावर रिकामी करून तारखेनुसार लावणे हा तपासणीचा पहिला टप्पा. कोणती तपासणी पूर्वी झाली आहे, कोणते औषध किती मात्रेत आणि किती दिवस घेतले, ते का सोडले, हे त्यातून कळते. पुरेशा मात्रेत न घेतलेले औषध आणि खरोखर निष्फळ ठरलेले औषध यांत फरक करता येतो. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीच्या ओपीडीत पहिल्या भेटीला हवा तेवढा वेळ मिळणे अवघड असते. म्हणून प्रश्नावल्या रांगेत असतानाच भरून घेणे, निवासी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व समुपदेशक यांनी कामाची वाटणी करणे, आणि गुंतागुंतीच्या रुग्णाची तपासणी दोन भेटींत पुरी करणे असे मार्ग निवडावे लागतात.

मुलाखतीची सुरुवात मोकळ्या प्रश्नाने व्हावी : ‘दुखणे कसे सुरू झाले ते पहिल्यापासून सांगा.’ पहिली काही मिनिटे मध्ये न बोलता ऐकले तर कितीतरी माहिती आपसूक मिळते. त्यानंतर क्रमाने जागा, सुरुवात, स्वरूप, पसरण्याची दिशा, दिवसभरातील चढउतार, कशाने वाढते आणि कशाने उतरते हे विचारावे. शरीराच्या पुढच्या व मागच्या बाजूची रेखाकृती देऊन रुग्णाला दुखणारे भाग रंगवायला सांगणे फार उपयोगी ठरते. कंबरेपासून मांडीच्या मागून पोटरीमार्गे अंगठ्यापर्यंत गेलेली एक पट्टी दबलेल्या नसेकडे बोट दाखवते. दोन्ही पायांचे मोजे घातल्यासारखे रंगवलेले भाग मधुमेही मज्जातंतुविकाराकडे नेतात. मानेपासून टाचांपर्यंत जवळजवळ सगळी आकृती रंगवली गेली असेल, तर सर्वांगात पसरलेल्या अतिसंवेदनशीलतेचा विचार करावा लागतो.

रुग्ण वेदनेला जे शब्द वापरतो ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत. ठणकते, ठसठसते, रग लागते, आखडते, भरून येते असे म्हणणाऱ्याचे दुखणे बहुधा स्नायू-सांध्यांचे किंवा सुजेचे असते. आग होते, मुंग्या येतात, चमक निघते, सुया टोचतात, करंट लागतो, असे सांगणाऱ्याच्या बाबतीत मज्जातंतूंचा संशय बळावतो. पोटात पिळवटते, कळ येते आणि जाते, हे वर्णन पोकळ अवयवांकडे वळवते. मेलझॅक यांनी 1975 मध्ये तयार केलेली मॅकगिल प्रश्नावली याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात 78 विशेषणे 20 गटांत मांडलेली आहेत. चमक आणि आग यांना केसपेपरवर एकच ‘पेन’ लिहून मोकळे होणे म्हणजे निदानाचा हाती आलेला धागा सोडून देणे होय.

तीव्रतेसाठी शून्य ते दहा ही अंकांची पट्टी सर्वत्र वापरतात : शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट. आत्ताची, गेल्या आठवड्यातली सर्वांत जास्त, सर्वांत कमी आणि सरासरी, अशा चार आकड्यांतून एका आकड्यापेक्षा खरे चित्र मिळते. ज्यांना अंकांची पट्टी अवघड जाते त्यांच्यासाठी चेहऱ्यांची चित्रे किंवा ‘थोडे, मध्यम, फार’ अशा पायऱ्या आहेत. महाराष्ट्रातील वयस्क रुग्णांना रुपयाचा हिशेब जवळचा वाटतो. ‘आधी सोळा आणे दुखत होते, आता आठ आणे राहिले’ हे उत्तर अर्ध्याने फरक पडला हे स्पष्ट सांगते, आणि ते तसेच नोंदवावे.

मात्र आकडा ही तपासणीची केवळ एक बाजू आहे. सहा गुणांच्या वेदनेत एक जण रोज कामावर जातो, तर तेवढ्याच वेदनेत दुसरा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून असतो. म्हणून वेदनेने आयुष्यातून काय हिरावले हे विचारणे तितकेच आवश्यक आहे. चार्ल्स क्लीलँड यांच्या ‘ब्रीफ पेन इन्व्हेंटरी’त तीव्रतेचे चार आणि अडथळ्याचे सात प्रश्न आहेत : रोजचे व्यवहार, मनःस्थिती, चालणे, काम, इतरांशी संबंध, झोप आणि जगण्यातला आनंद. हे प्रश्न रुग्णाच्या जीवनाशी जोडून विचारले की उत्तरे नेमकी येतात. मांडी घालून जेवायला बसता येते का? उकिडवे बसून शौचाला जाता येते का? एसटीची पायरी चढता येते का, लोकलमध्ये किती वेळ उभे राहता येते? पाण्याचा हंडा कोण आणते? नातवाला उचलून घेता येते का? अशा प्रश्नांतून मिळणारी माहिती पुढे उपचारांची ध्येये ठरवताना थेट वापरता येते.

पहिल्याच भेटीत धोक्याच्या खुणा शोधणे हे कर्तव्य आहे. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांतून मज्जारज्जूच्या शेवटच्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याचा संशय येतो. असा रुग्ण त्याच दिवशी शस्त्रक्रिया विभागाकडे जायला हवा. विनाकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, ताप, विश्रांतीनेही न थांबणारी रात्रीची वेदना, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, वृद्धापकाळातील पडणे, या खुणांवर पुढील तपासण्या तातडीने कराव्या लागतात. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि पाठीच्या एका मणक्यावर ठोकल्यावर होणारी वेदना असेल तर भारतात क्षयाचा विचार आधी करावा. वर्षानुवर्षांच्या रुग्णातही नवा आजार उद्भवू शकतो. म्हणून दुखण्याचे रूप बदलल्याचे रुग्ण सांगतो तेव्हा ही यादी पुन्हा पहिल्यापासून तपासावी.

औषधांचा इतिहास वेगळा आणि बारकाईने घ्यावा लागतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांपलीकडे मेडिकलच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या, शेजाऱ्याने सुचवलेले चूर्ण, आठवडी बाजारातली पुडी, दुखेल तेव्हा घेतलेले इंजेक्शन, तंबाखू, मिश्री आणि दारू यांची चौकशी दोष न देता करावी. सूजविरोधी वेदनाशामके अनेक महिने घेतल्यास जठरात व्रण, रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. डोकेदुखीच्या रुग्णाने साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस घेतली, तर त्या औषधांनीच डोकेदुखी टिकून राहू शकते. अफूजन्य औषधांचा विचार करताना व्यसनाधीनतेचा पूर्वेतिहास, मनोविकार आणि घरात औषध कोणाच्या ताब्यात राहील हे पाहावे. भारतात 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कडक अटींमुळे मॉर्फीन रुग्णांपर्यंत पोहोचणे कठीण झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने आवश्यक औषधांसाठी वाट सोपी केली. 2018 पासून ट्रामाडॉलही या कायद्याच्या कक्षेत आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फीन वेळेवर मिळणे आणि इतर जुनाट दुखण्यांत ते जपून वापरणे, हे दोन्ही निर्णय याच चौकशीवर अवलंबून असतात.

मनाची बाजू विचारताना रुग्णाला ‘तुमचे दुखणे खोटे आहे’ असा अर्थ लागू नये याची काळजी घ्यावी. झोपेपासून सुरुवात केली तर हे सोपे जाते : झोप लागते का, दुखण्याने मोडते का, सकाळी ताजेतवाने वाटते का. खराब झोप दुसऱ्या दिवशीची वेदना वाढवते आणि वाढलेली वेदना झोप मोडते. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 आणि चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-7 या छोट्या प्रश्नावल्या आहेत. पहिलीत 27 पैकी 10 किंवा अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी करावी. जगणे नको वाटते का, जीव देण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारावे; विचारल्याने धोका वाढत नाही, न विचारल्याने तो नजरेआड राहतो. घरातील मारहाण, लहानपणीचा अत्याचार, कर्ज, नोकरीतील वाद, नुकसानभरपाईचा खटला यांची चौकशी एकांतात आणि विश्वास जमल्यावर करावी. सासू, नवरा किंवा मुलगा समोर असताना बाईने दिलेले उत्तर पूर्ण असेलच असे नाही.

दुखण्याबद्दल रुग्णाने स्वतःशी काय समजूत करून घेतली आहे, हाही तपासणीचाच भाग. ‘मणक्यात गॅप पडली’, ‘चकती सरकली’, ‘नस दबली’ असे शब्द दवाखान्यात कानावर पडतात आणि घरी जाऊन भीतीचे रूप घेतात. वाकलो तर मणका तुटेल या भीतीने माणूस हालचाल थांबवतो, स्नायू दुबळे होतात, थोड्या कामाने अधिक दुखते आणि भीती खरी वाटू लागते. 1997 मध्ये न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या मार्गदर्शिकेने अशा मानसिक-सामाजिक अडथळ्यांना ‘पिवळे झेंडे’ म्हटले. वेदना कधीच कमी होणार नाही असे सतत वाटणे, हालचालीची भीती, निव्वळ बाहेरच्या उपायावर भिस्त, कामावर परतण्याबद्दलची निराशा, या गोष्टी वेदना टिकून राहण्याचे भाकीत करतात. त्या बदलता येतात, म्हणूनच नोंदवायच्या.

शारीरिक तपासणी रुग्ण दारातून आत येतानाच सुरू होते : चाल, बसण्याची पद्धत, उठताना कोणत्या हाताचा आधार घेतो. मग दुखणारा भाग आणि त्याची दुसरी बाजू यांची तुलना करावी. सूज, रंग, तापमान, घाम, स्नायूंची झीज, सांध्यांची हालचाल, ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया तपासाव्यात. संवेदनेसाठी महागडी साधने लागत नाहीत. कापसाचा बोळा, टाचणी, थंड धातू, 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि 10 ग्रॅमचा नायलॉनचा तंतू एवढे पुरते. नागीण होऊन गेलेल्या बाईच्या बरगडीवरून कापूस हलकेच फिरवला आणि ती दचकून मागे सरली, तर साध्या स्पर्शाने वेदना होण्याचे ते लक्षण आहे. साडीचा पदर अंगाला लागू देत नाही, हे तिचे आधीचे सांगणे त्याच क्षणी समजते. त्याच पट्ट्यात टाचणीची जाणीव कमी असेल, तर मज्जातंतूची हानी झाल्याचा पुरावा मिळतो. डीएन-4 या दहा मुद्द्यांच्या चाचणीत सात प्रश्न आणि तीन तपासण्या आहेत. चार किंवा अधिक गुण मज्जातंतूजन्य वेदना सुचवतात. फायब्रोमायल्जियासाठी 1990 च्या निकषांत अठरा दुखऱ्या बिंदूंपैकी अकरा मोजले जात. 2010 पासून वेदनेचा पसारा, थकवा, झोप आणि स्मरण-एकाग्रतेच्या तक्रारी यांवर भर आला.

तपासणीच्या वेळी ‘खोटे नाटक’ पकडण्याचा हेतू असू नये. गॉर्डन वॅडेल यांनी 1980 मध्ये कंबरदुखीसाठी वर्णिलेल्या काही चिन्हांचा तसा गैरवापर झाला आहे. ती चिन्हे रुग्णाचा क्लेश आणि भीती सुचवतात. रुग्ण खोटे बोलतो हे त्यांनी सिद्ध होत नाही.

प्रयोगशाळा आणि छायाचित्रे नेमक्या प्रश्नासाठी मागवावीत. साखर, थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन व सुजेच्या चाचण्यांतून उपचार करता येण्याजोगी कारणे सापडतात. मांसाहार न करणाऱ्यांत बी-12 ची कमतरता विशेष लक्षात ठेवावी. मणक्याच्या एमआरआयचा अर्थ लावताना मात्र संयम हवा. 1994 मधील एका प्रसिद्ध अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक, 52 टक्के, जणांत किमान एका पातळीवर चकती फुगलेली आढळली. वयाबरोबर असे बदल केसांच्या पांढरेपणासारखे येत जातात. अहवालातील शब्द रुग्णाच्या लक्षणांशी आणि तपासणीशी जुळत नसतील तर त्यांवरून शस्त्रक्रियेचा सल्ला देणे घातक ठरते. सामान्य आलेल्या अहवालाचा अर्थ दुखणे नाही असाही होत नाही.

प्रश्नावल्या मुलाखतीची जागा घेत नाहीत; त्या तुलनेसाठी आधार देतात. कंबरदुखीसाठी ऑस्वेस्ट्री निर्देशांक किंवा रोलंड-मॉरिसचे 24 मुद्दे, भीतिग्रस्त विचारांसाठी 13 मुद्द्यांची मापनी, वेदनेसह काम करण्याच्या आत्मविश्वासासाठी दहा प्रश्नांची मापनी, यांतून क्लिनिकने मोजक्याच निवडाव्यात. भाषांतर तपासून घेतलेली मराठी आवृत्ती असेल तर तीच वापरावी. ऑस्वेस्ट्रीची अशी आवृत्ती उपलब्ध आहे. निरक्षर रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि वाचणाऱ्याने उत्तर सुचवू नये.

काही रुग्णांसाठी पद्धत बदलावी लागते. वृद्ध लोक ‘वय झाले, दुखणारच’ म्हणून तक्रार दाबतात. त्यांच्यात पडण्याचा धोका, मूत्रपिंडाचे कार्य आणि आधीची औषधे तपासणे अनिवार्य. स्मृतिभ्रंश झालेल्यांत चेहरा, कण्हणे, अंग आखडणे, श्वास आणि वागणुकीतला बदल पाहून ठरवणाऱ्या निरीक्षणात्मक मापन्या वापरतात, आणि रोज सांभाळणाऱ्याची माहिती मोलाची ठरते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत परप्रांतातून आलेल्या मजुराची भाषा वेगळी असते; तेथे नातेवाईक बाजूला ठेवून शक्यतो प्रशिक्षित दुभाषी किंवा ती भाषा जाणणारा कर्मचारी असावा. कर्करोगातून बऱ्या झालेल्या रुग्णाची वेदना जुन्या उपचारांमुळे आहे की आजार उलटल्यामुळे, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा.

शेवटी ही सगळी माहिती एकत्र गुंफून मांडणी करावी लागते. नमुन्यादाखल ऊसतोडीला जाणारी 42 वर्षांची स्त्री घेता येईल. दोन वर्षे कंबर ठणकते, पायात चमक नाही, ताकद व संवेदना शाबूत, धोक्याच्या खुणा नाहीत, एमआरआयमध्ये एक चकती किंचित फुगलेली. ‘मणक्यात गॅप आहे’ हे ऐकल्यापासून ती वाकत नाही. रोज दोन वेदनाशामक गोळ्या घेते. झोप तुटक आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ती थांबली तर मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून डोक्यावर मोळी घेऊन ती दुखत असतानाही चालते आणि हंगाम संपला की महिनाभर पडून राहते. येथे ‘लंबर डिस्क’ असे एक लेबल लिहिणे म्हणजे अर्धेच निदान. शरीर, भीती, झोप, औषधे आणि उचल, प्रत्येकाची स्वतंत्र ओळ केसपेपरवर असली की उपचारांचा आराखडा स्वतःच आकार घेतो : चकतीबद्दलची भीती दूर करणारे स्पष्टीकरण, हळूहळू वाढवायचा व्यायाम, रोजच्या गोळ्या कमी करणे, मूत्रपिंडाची तपासणी, झोपेची घडी बसवणे, मोळीच्या वजनाबद्दल नवऱ्याशी बोलणे आणि समाजसेवा अधीक्षकांची मदत.

ही मांडणी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हा तपासणीचाच भाग आहे. वेदना खरी आहे, घातक आजार तपासून पाहिला आहे, यंत्रणा अतिसंवेदनशील का झाली आणि ती शांत कशी करता येईल, एवढे समजले की अनेकांची दवाखाने फिरण्याची धावपळ थांबते. मग रुग्णाने स्वतः ध्येय निवडावे, आणि ते मोजता येण्याजोगे असावे : अर्धा तास खाली बसून भाकऱ्या करणे, बाजारापर्यंत चालत जाणे, रात्री सलग पाच तास झोप.

पुढच्या भेटींत तीच साधने वापरून पुन्हा मोजावे. तीव्रतेत सुमारे 30 टक्के किंवा दहापैकी दोन गुणांची घट रुग्णांना अर्थपूर्ण वाटते, असे संशोधनातून दिसले आहे. तरी आकड्यासोबत काम, झोप, मनःस्थिती, औषधांचे दुष्परिणाम आणि रुग्णाचे एकूण मत यांचीही नोंद हवी. वेदना तेवढीच राहूनही माणूस पुन्हा कामाला लागला असेल तर तो उपचारांचा लाभच आहे. उपयोग न झालेले औषध ठरलेल्या मुदतीनंतर बंद करावे. निदानाबद्दलची शंका उरली असेल तर ती लिहून ठेवावी, आणि रुग्णाला परत पाठवताना त्याच्या फॅमिली डॉक्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला मांडणी, औषधे, ध्येये आणि धोक्याच्या खुणा यांचे एक पानी पत्र द्यावे. एवढे झाले म्हणजे तपासणीचे पहिले आवर्तन पूर्ण होते आणि उपचार पक्क्या पायावर सुरू होतात.